पाकीट बंद, पत्ता उघडा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६८. गेली चार वर्षं आमच्या भागातल्या वाळूउपशाबद्दल माहिती अधिकारात अर्ज करतो आणि मिळालेले कागद एका पत्रकाराला ईमेलने पाठवतो. पुण्याच्या लेकीने मला प्रोटॉन मेलचं खातं उघडून दिलं. म्हणाली, ‘‘बाबा, आता सरकारलासुद्धा वाचता येणार नाही.’’ शेजारी म्हणतात, सरकारने मनावर घेतलं तर काहीही वाचतं. खरं कोणाचं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, आधी मला एक सांगा. त्या पत्रकाराचं खातं कुठलं आहे? जीमेल असेल, तर लेकीची निम्मी मेहनत तिथेच वाया गेली.

प्रोटॉनवरून प्रोटॉनवर गेलेलं पत्र तुमच्या यंत्रावर कुलूपबंद होतं आणि समोरच्याच्या यंत्रावरच उघडतं. मधल्या कंपनीलाही त्यातला मजकूर वाचता येत नाही. प्रोटॉनवरून जीमेलवर पाठवलेलं साधं पत्र मात्र फक्त वाटेत झाकलेलं असतं. गूगलच्या सर्व्हरवर पोचलं, की किल्ली गूगलच्या हातात. मग तुमच्या दाराशी यायची कुणाला गरजच नाही. कायदेशीर मागणी गूगलकडे गेली की काम झालं. बाहेरच्या खात्यावर पाठवताना पत्राला पासवर्ड लावायची सोय प्रोटॉनमध्ये आहे, ती वापरा. पासवर्ड पत्रकाराला तोंडी सांगा, त्याच्या मागोमाग दुसरी ईमेल करून नको. हसू नका, असं करणारे इंजिनिअर मी पाहिलेत.

मी स्वतः २१ वर्षं एका सहकारी बँकेचे मेल सर्व्हर सांभाळले, आणि माझी फजिती त्याहून मोठी आहे. पीजीपी नावाचं कुलूप फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने १९९१ मध्ये लोकांना फुकट दिलं. तिथल्या सरकारने या कुलपाला दारूगोळ्याच्या रांगेत बसवलं आणि विनापरवाना निर्यात झाली का, म्हणून झिमरमनची जवळजवळ तीन वर्षं चौकशी केली. १९९६ मध्ये खटला न भरताच ती गुंडाळली. आज प्रोटॉनच्या पोटातही तीच पद्धत आहे. एक किल्ली जगाला वाटायची, तिने फक्त कुलूप लागतं. दुसरी स्वतःजवळ ठेवायची, तिनेच ते उघडतं.

२००२ मध्ये दोन रविवार खर्च करून मी हे माझ्या मेहुण्याच्या संगणकावर बसवून दिलं. मग सासरच्या जमिनीच्या वाटणीबद्दल त्याला पहिलं कुलूपबंद पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं : ‘‘मिळालं. बरोबर आहे.’’ आणि त्याखाली माझं अख्खं पत्र, गट नंबरांसकट, उघडं! पुढे माझी हार्ड डिस्क गेली, तिच्याबरोबर माझी किल्लीही गेली. त्या काळातली चाळीसेक पत्रं अजून माझ्याकडे आहेत. सरकारचं सोडा, मलाच ती वाचता येत नाहीत.

यातूनच लेकीची बाजूही कळते. नीट लावलेलं कुलूप खरोखर भक्कम असतं. एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये अमेरिकेच्या पाळतीचे कागद बाहेर काढले, तेव्हा त्यानेही हेच सांगितलं होतं, की नीट बसवलेली एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, टिकते, पण दोन्ही टोकांची यंत्रं इतकी कच्ची असतात की हेरसंस्था तिकडून आत शिरतात. कुलूप अलिगढचं आणि चौकट वाळवीने खाल्लेली, असा हा प्रकार.

आणि ईमेलला अजून एक उणीव आहे, जिच्यावर कुलपाचा इलाज नाही. तुमच्या एखाद्या कुलूपबंद पत्राच्या तीन ठिपक्यांत शिरून त्याच्या वरच्या ओळी, म्हणजे हेडर, उघडून पाहा. आतला मजकूर वाटेत अक्षरांचा भुगा असतो, त्यातून कुणाला काही कळणार नाही. पण वरच्या ओळी स्वच्छ असतात. पाठवणारा कोण, घेणारा कोण, तारीख, सेकंदापर्यंत वेळ, पत्र कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरत आलं, आणि विषय. हो, विषयसुद्धा. प्रोटॉनमध्येही विषयाची ओळ त्या आतल्या कुलपात जात नाही. ‘वाळू ठेका – तहसील कार्यालयाची पावती’ असं विषयात लिहून आतला मजकूर बंद केलात, तर लपवलंत काय?

माझे वडील मिरजेच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचं पाकीट फोडलं नाही. तरी कुणाच्या घरी कोर्टाची पत्रं वाढलीत, कुणाचा मुलगा मुंबईहून लिहायचा थांबलाय, हे त्यांना अक्षरावरून आणि शिक्क्यावरून कळायचं. घरी कधी बोलले नाहीत, पण एखाद्या लग्नाच्या बातमीने त्यांना आश्चर्य वाटल्याचं मला आठवत नाही. सरकारी पाळतीला बरेचदा एवढंच हवं असतं : कोण, कोणाशी, कधी, किती वेळा.

आता कायद्याकडे येऊ. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ सांगतं, की देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी सरकार संदेश अडवू शकतं आणि कुलूप उघडून मागू शकतं. ते उघडायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत कैद. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशात केंद्राने दहा यंत्रणांची नावंच जाहीर केली. परवानगी देतात केंद्राचे किंवा राज्याचे गृह सचिव, तपासणी करते ती सचिवांचीच समिती. त्यात न्यायाधीश कुठे नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतरही नाही. हे मला खटकतं, आणि ते इथे लिहिण्यात मला संकोच नाही.

कंपनी परदेशी असली म्हणून सुटका होत नाही. २०२१ मध्ये एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या प्रकरणात स्विस आदेश आला आणि स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनला त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा नंबर, नोंदवून द्यावा लागला. पत्रांतला मजकूर दिला नाही, कारण तो त्यांनाही उघडत नव्हता. पण माणूस सापडला. अमेरिकेतल्या लावाबिट या ईमेल कंपनीची कथा तर तुम्हाला फार आवडेल. स्नोडेनचं खातं तिथे होतं. एफबीआयने मालक लदार लेव्हिसनकडे सर्व्हरच्या किल्ल्या मागितल्या. म्हणजे एका माणसासाठी चार लाखांवर ग्राहकांचं दार उघडणार. त्याने किल्ल्या दिल्या, पण कागदावर छापून : ११ पानं, ४ पॉइंटचा टाइप, भिंगाखालीही न लागणारा. माहिती अधिकारात तुम्हाला तिसऱ्या प्रतीवरून काढलेली झेरॉक्स मिळते ना, अगदी तशी! कोर्टाने दिवसाला ५,००० डॉलर दंड लावला. तेव्हा त्याने संगणकावर चालतील अशा किल्ल्या दिल्या आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी दुकानच बंद केलं.

चौकटीतल्या वाळवीचं उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. एल्गार परिषद प्रकरणातल्या एका आरोपीचा लॅपटॉप आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन प्रयोगशाळेने तपासला. जून २०१६ मध्ये एका ओळखीच्याच खात्यावरून आलेल्या ईमेलमधली फाईल त्याने उघडली, तीतून हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला आणि पुढे कागद पेरले गेले, असं तिच्या २०२१ च्या अहवालात आहे. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण शिरण्याची वाट लक्षात ठेवा. ओळखीचं नाव, जोडलेली फाईल, एक क्लिक. तिथून आत आलेला माणूस तुम्ही टाईप करता तेच पाहतो, कुलूप लागायच्या आधी.

म्हणजे शेजारी जिंकले का? माझ्या मते नाही. सगळी पत्रं उघडी असतील, तर यंत्राला लाखो माणसांची पत्रं एकदम चाळता येतात. कुलूप असेल, तर कुणाला तरी खास तुमचं नाव काढावं लागतं, कागद करावा लागतो, सही घ्यावी लागते. त्या सहीवर उद्या कोर्टात प्रश्न विचारता येतो. मला एवढ्यासाठीसुद्धा कुलूप मोलाचं वाटतं. पत्रकाराशी रोजचं बोलणं मात्र ईमेलवरून उचलून सिग्नल या मेसेजिंग ॲपवर न्या. २०१६ मध्ये अमेरिकन ग्रँड ज्युरीने माहिती मागितली, तेव्हा सिग्नलकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं.

पण गुरुजी, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ईमेलची नाही. तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींची हत्या १३ जानेवारी २०१० ला सकाळी, भर रस्त्यात झाली. त्यासाठी कुणाला त्यांची ईमेल वाचायची गरज नव्हती. वाळूवाल्याला दिल्लीतली यंत्रणा काय करायची? तुमच्या अर्जावर तुमचं नाव आहे, घराचा पत्ता आहे, बहुतेक मोबाईलही आहे, आणि तो अर्ज तालुक्याच्या टेबलावर पडलेला असतो.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) सांगतं, की संपर्कापुरता तपशील सोडून अर्जदाराची वैयक्तिक माहिती मागायची नाही. २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटलं, की पोस्ट बॉक्सचा नंबर दिला असेल तर घरच्या पत्त्याचा आग्रह नको, आणि केंद्राने तो निकाल पुढे सगळीकडे कळवला. तेव्हा या आठवड्यात तालुक्याच्या पोस्टात जा आणि पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो का ते विचारा. नंबर कुणाचा हे पोस्टाला, म्हणजे सरकारला, माहीत असणारच. टेबलावरून अर्ज चाळणाऱ्याला मात्र तुमचं घर कळणार नाही. पुढच्या अर्जावर तोच नंबर घाला, मोबाईलची जागा कोरी ठेवा, आणि निकालाची प्रत सोबत जोडा, कारण खिडकीवरचा कारकून ‘असं चालत नाही’ म्हणणार आहे.