न वाचलेली ओळ

“उत्तर दिलं तर भांडण वाढतं, नाही दिलं तर हरल्यासारखं वाटतं. मॅडम, करू तरी काय?” ऑनलाइन राजकीय वादात पोळलेली माणसं हल्ली वरचेवर हा प्रश्न घेऊन येतात. मागे एक निवृत्त गृहस्थ आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). चुलतभावाने सगळ्या नातेवाइकांदेखत त्यांना ‘विकला गेलेला’ म्हटलं होतं. तीन आठवडे धड झोप नाही. अंघोळ करतानाही मनात उत्तरं जुळवणं चालूच.

मी म्हटलं, फोन काढा आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. भावाचे टोमणे तर अगदी साभिनय. एका ठिकाणी मात्र बोट जरा भरभर सरकलं.

“मधली एक ओळ राहिली का?”

घसा खाकरून, जेमतेम ऐकू येईल अशी त्यांनी ती वाचली : ‘तुझ्यासारख्या बिनडोकाला अर्थसंकल्प काय कळणार!’ ओळ त्यांची स्वतःची होती. आणि ‘विकला गेलेला’च्या आधीची.

त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मला रस नव्हता. पडद्यासमोर भल्याभल्यांची जीभ सैल सुटते. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये याची कारणं मांडली, त्यात निनावीपणा होता, तसंच एकमेकांना न दिसणंही होतं. आपण निनावीपणालाच धरून बसतो. इथे तर दोघं एकाच घरात वाढलेले! पुढे २०१२ मध्ये इस्रायली संशोधकांच्या एका प्रयोगात नजरेला नजर नसणं हे निनावीपणापेक्षाही जास्त भडकवणारं ठरलं. माझा अनुभवही तोच आहे.

मग आम्ही एक कंटाळवाणं काम केलं. दोघांची सगळी वाक्यं कागदावर उतरवली आणि अर्थसंकल्पाबद्दलच्या वाक्यांखाली रेघ मारली. चाळीसेक वाक्यांत रेघा आल्या सहा. त्यातलं एक भावाचं होतं, करांविषयीचं, साधा प्रश्न. त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. गृहस्थ बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिले. “हे मी वाचलंच नव्हतं,” म्हणाले.

‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला मी सहसा देत नाही. लागलेलं असतं, ते दुर्लक्षाने आत मुरतं. (धमक्या, पत्ता उघड करणं ही वेगळी गोष्ट, तिथे पुरावा जपून तक्रारच करावी.) त्यांना एवढंच सुचवलं : ‘तो शब्द मला लागला, आणि आधी मीही वाईट बोललो’ हे एकदा सांगा, आणि करांच्या प्रश्नाला उत्तर द्या. लिहून नको, फोनवर. विरोधी मत माणसाच्या आवाजात ऐकलं की तो माणूस अधिक विचारी वाटतो, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं आहे.

फोन करायला त्यांना नऊ दिवस लागले. बोलणं पाऊण तास चाललं, त्यातली पहिली दहा मिनिटं अवघड गेली. करांवर दोघांचं अजूनही जमत नाही.

महिन्याने आले तेव्हा म्हणाले, “मी अजून लिहितो हं मॅडम. फक्त पाठवण्याआधी मोठ्याने वाचतो. बायको आतून विचारते, कुणाशी बोलताय?”