वाचकांचे प्रश्न : वादळ, छप्पर आणि घरातली माणसे

मागील अंकात पावसाळ्यापूर्वीच्या घरदुरुस्तीविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बरीचशी पत्रे पावसापेक्षा वाऱ्याबद्दलच आहेत, आणि त्यांत 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ व मे 2021 मधले तौक्ते यांचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो. म्हणून या वेळचे सदर त्याच प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : आमचे समुद्राजवळ जांभ्या दगडाचे कौलारू घर आहे. निसर्ग वादळात समुद्राकडचे अर्धे छप्पर वाशांसकट उडाले. ते आम्ही पूर्वीसारखेच बांधून घेतले. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की, पुढचे-मागचे दार उघडे ठेवले असते तर वारा आरपार गेला असता आणि छप्पर वाचले असते. हे खरे आहे का? आणि कौलांवर दगड किंवा वाळूची पोती ठेवून उपयोग होईल का? (एक वाचक, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : दारे उघडी ठेवू नयेत. आपल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला नेहमीच्या पावसाळी वाऱ्यापुरता समजण्यासारखा आहे, पण चक्रीवादळात तो घातक ठरतो. वारा घराला ढकलून पाडतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात छपराच्या बाबतीत तो उचलण्याचे काम अधिक करतो. छपरावरून वेगाने जाणारी हवा वरच्या बाजूचा दाब कमी करते, वळचणीखाली शिरलेली हवा खालून वर रेटते, आणि वाऱ्याच्या तोंडाचे दार किंवा खिडकी उघडी असेल तर सगळे घर फुग्यासारखे भरून आतूनही तोच रेटा बसतो. मागचे दार उघडे असल्यास हा रेटा थोडा कमी होतो हे खरे, परंतु वादळाचे केंद्र डोक्यावरून गेले की वारा उलट्या दिशेने येतो आणि मघाचे मागचे दार हेच पुढचे होते. त्या वेळी ते बंद करणे दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनाही जमत नाही.

निसर्ग वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे होता. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे येथे लक्षात ठेवावे. ताशी 120 किलोमीटरच्या झोताचा जोर एका चौरस मीटरवर सुमारे 65 ते 70 किलोग्रॅम भरतो, आणि छपराच्या कडांवर व कोपऱ्यांवर तो त्याहूनही वाढतो. मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण 40 किलोग्रॅम असते. आपली जुनी घरे केवळ कौलांच्या वजनावर छप्पर जागी धरून होती; ते वजन कोठे कमी पडले, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

त्या जून महिन्यात आपल्याच भागातील एका घराचे उडालेले पाखे वाडीत पालथे पडलेले मी पाहिले. वाशांच्या टोकांना खिळे तसेच होते, गंजलेले, पण एकही वाकलेला नव्हता. लाकडातून ते सरळ उपसून निघाले होते, जसे आपण पक्कडीने काढतो तसे. खिळा आडवा रेटा सोसतो, उपसणारा ओढा सोसत नाही. त्यामुळे छप्पर "पूर्वीसारखेच" बांधून घेतल्याचे वाचून काळजी वाटली. जो सांधा एकदा सुटला तोच आपण पुन्हा घातला आहे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. प्रत्येक वासा भिंतीवरच्या तुळईला जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्टीने, बोल्ट लावून बांधावा. नुसता खिळा नको. ती तुळई भिंतीला बांधलेली हवी. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा असेल तर त्यात सळ्या अडकवता येतात. मातीत रचलेला जांभा असेल तर सळई दोन-तीन फूट खालच्या थरापर्यंत न्यावी, कारण वरचा एकच चिरा छपराबरोबर उचलला जातो. आढ्यावरची कौले चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवावीत, वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची सर्व कौले तारेने रिपांना बांधावीत, मधल्या भागात एकाआड एक ओळ बांधली तरी चालते. पडवीचे छप्पर शक्य असल्यास मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे. पडवी खालून उघडी असल्याने पहिल्यांदा तीच उचलली जाते, आणि एकसंध असेल तर जाताना मुख्य छपरालाही ओढून नेते.

दगड आणि पोत्यांविषयी थोडक्यात : दगड वादळात गोफणीतल्या गोट्यासारखा उडतो. सुटी वाळूची पोतीही घसरतात आणि ज्या कडांना गरज असते तेथेच टिकत नाहीत. पत्र्याच्या छपरावर टायर आणि दगड ठेवणाऱ्या सर्वांना हीच विनंती आहे की, तेवढ्याच खर्चात रुंद वॉशरचे हूक बोल्ट वाढवावेत, विशेषतः कडांना.

प्रश्न : आम्ही मुंबईत चौदाव्या मजल्यावर राहतो. तौक्ते वादळाच्या दिवशी सरकत्या खिडक्यांच्या खालून हॉलमध्ये पाणी आले आणि काच थरथरत होती. काचेवर चिकटपट्टीची फुली मारावी असे सांगतात. ते योग्य आहे का? (एक वाचिका, गोरेगाव)

उत्तर : चिकटपट्टीने काच फुटायची थांबत नाही. फुटलेले तुकडे एकत्र राहतात, पण त्यामुळे लहान चुऱ्याऐवजी मोठे धारदार पाते आत येऊ शकते, आणि फुली मारली म्हणून माणसे काचेजवळ निर्धास्त बसतात, हे मला जास्त धोक्याचे वाटते. पडदे ओढून घ्यावेत, पलंग खिडकीपासून दूर सरकवावा आणि जोर वाढला की पॅसेजमध्ये किंवा खिडकी नसलेल्या खोलीत बसावे. 17 मे 2021 रोजी कुलाब्याला ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. चौदाव्या मजल्यावर वारा जमिनीजवळच्यापेक्षा नेहमीच जोरात असतो.

पाण्याचे कारण बहुधा साधे आहे. ॲल्युमिनियमच्या रुळात बाहेरच्या बाजूला पाणी जाण्यासाठी लहान भोके असतात. ती धूळ, रंग आणि सिलिकॉनने बुजलेली असतात, म्हणून रुळात साचलेले पाणी वाऱ्याच्या दाबाने आत उलटते. जुन्या टूथब्रशने आणि बारीक तारेने ती मे महिन्यातच मोकळी करावीत. बाल्कनीतील कुंड्या, कपड्यांचे स्टँड आणि सुटे पत्रे आत घ्यावेत. आपली कुंडी खालच्या रस्त्यावरील माणसाच्या डोक्यावर पडू शकते, याचा विचार आपल्या काचेइतकाच महत्त्वाचा आहे. वादळ चालू असताना लिफ्ट वापरू नये.

प्रश्न : माझे आईवडील, दोघेही सत्तरीच्या पुढचे, दापोली तालुक्यात एकटे राहतात. आईला इन्शुलिन सुरू आहे. निसर्ग वादळानंतर त्यांच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हता. मी पुण्याहून त्यांच्यासाठी काय करून ठेवू शकते? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आपले पत्र वाचून मन अस्वस्थ झाले, कारण 2020 च्या त्या टाळेबंदीत अशी असंख्य मुले पुण्या-मुंबईत अडकून फोन लावत बसली होती. वादळ काही तासांचे असते, नंतरचे दिवस मोठे असतात. म्हणून तयारी त्या दिवसांची करावी.

सर्वांत आधी माणूस ठरवावा. शेजारच्या कोणत्या घरातील कोण, आईवडिलांना कोणत्या पक्क्या घरात किंवा शाळेत नेणार आणि त्यांच्यापाशी किल्ली आहे का, हे आजच बोलून ठेवावे. वादळाच्या दिवशी फोन करून हे ठरत नाही. हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला की त्यांनी हलावे. लाल इशाऱ्यापर्यंत थांबले तर रस्त्यावर झाडे आलेली असतात. वडील "घर सोडून कसे यायचे" म्हणतील. त्यांना घराची काळजी असते, तेव्हा कागदपत्रे, दागिने आणि देवघरातले टाक यांची पिशवी तयार करून दाखवली, तर पाय निघायला मदत होते.

इन्शुलिनविषयी डॉक्टरांशी आताच बोलावे आणि वीज नसताना त्यांच्याकडील प्रकार किती दिवस चालतो हे लिहून घ्यावे. पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात बंद करून कुपी ठेवली आणि मडके सावलीत ओल्या फडक्याने गुंडाळले, तर ती बऱ्यापैकी थंड राहते. बर्फाला मात्र ती टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. महिन्याची औषधे, सेलवर चालणारा रेडिओ, विजेरी आणि आठवडाभराचे कोरडे जिन्नस घरात असावेत.

विहिरीचे पाणी हा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग आहे. वादळात विहिरीत झावळ्या, पालापाचोळा आणि वाहून आलेली घाण पडते. पाणी गढूळ असेल तर आधी उपसावे, मग दर 1000 लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम चांगले ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावे, गाळ बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळावे. किमान अर्धा तास ते पाणी वापरू नये. पिण्याचे पाणी तरीही उकळूनच घ्यावे. चिखलात अनवाणी फिरल्यानंतर ताप आल्यास लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्न : वीज नसताना जनरेटर पडवीत, पावसापासून आडोशाला लावला तर चालेल का? (एक वाचक, मुरुड)

उत्तर : मुळीच नाही. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो दाराखालून, खिडकीच्या फटीतून घरात येतो. झोपलेली माणसे जागीसुद्धा होत नाहीत. जनरेटर घरापासून दूर, उघड्यावर, स्वतंत्र आडोशाखाली असावा. तो घरातील प्लगमध्ये खुपसून सगळे घर चालू करण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी, कारण तो प्रवाह उलटा वाहिनीवर जातो आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेततो.

प्रश्न : घराला लागून दोन माड आणि एक फणस आहे. वादळाच्या भीतीने तिन्ही तोडावेत असे मुलगा म्हणतो. (एक वाचक, अलिबाग तालुका)

उत्तर : तिन्ही एका मापाने मोजू नयेत. निरोगी माड वाकतो, झावळ्या टाकून देतो आणि पुष्कळदा उभा राहतो. ज्याचा शेंडा जळला आहे किंवा बुंध्यात भुंग्याने पोखरलेले भोक आहे, तो मात्र वादळाची वाट न पाहता काढावा. फणसाचा घेर मोठा असतो आणि सतत पाऊस पडून माती भुसभुशीत झाली की तो मुळासकट उलटतो. त्याच्या छपरावर आलेल्या फांद्या पावसाळ्याआधी जाणकाराकडून कापून घ्याव्यात आणि झाड विरळ करावे. एका बाजूच्याच फांद्या कापून ते घराकडे कलंडेल असे मात्र करू नये. बुंध्यालगत अलीकडे चर खणला असेल, नळासाठी किंवा गडग्यासाठी मुळे तोडली असतील, तर त्या बाजूचा आधार गेला आहे असे समजावे. तसे असल्यास आपल्या मुलाचे म्हणणे फणसापुरते बरोबर आहे. मोठे झाड तोडण्यापूर्वी आवश्यक ती परवानगी घ्यावी, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात द्यावा.