जीमेलवाले सदस्य बंद पडतात? आधी याहूवाल्यांकडे बघा

चोपड्याच्या दादांनी विचारलंय: शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर टाकलेली मेल सगळ्यांना पोचते ती) मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे, जीमेलवाले सदस्य अधूनमधून आपोआप बंद पडतात, म्हणजे त्यांना मेल जाणंच थांबतं, तर आता मेलमन सोडून सिम्पावर जावं, ग्रुप्स डॉट आयओ घ्यावं की पीएचपीलिस्ट? सोबत फीचर्सचा तक्ताही दिलाय. तक्ता मेहनतीने केलाय, पण जिथे सगळं अडलंय तो रकानाच त्यात नाही. हाच ताप मी धुळ्यात बसून भोगलाय, म्हणून जरा लांबण लावतो. मी निवृत्त मास्तर, सर्व्हरवाला नव्हे. जाणकारांनी चूक दिसली तर खुशाल कान धरावा.

याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपलं डीमार्क धोरण (आपल्या नावाने येणाऱ्या खोट्या मेलचं काय करायचं, ते सांगणारा नियम) 'रिजेक्ट' केलं. म्हणजे सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्या पत्त्याने आलेल्या मेलवर आमची डिजिटल सही शाबूत नसेल आणि ती आमच्या सर्व्हरवरूनही निघालेली नसेल, तर दारातूनच परत करा. लिस्ट नेमकं तेच करते. मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवते, विषयात लिस्टचं नाव घालते, खाली तळटीप चिकटवते, की सही मोडली. पाठवणारा म्हणून नाव मात्र याहूवाल्याचंच. जीमेल ती मेल नाकारतं आणि मेलमनला वाटतं, जीमेलवाल्याचा पत्ताच मेला. मेल परत आली की मेलमन त्या सदस्याच्या नावावर गुण मांडतं: दिवसाला जास्तीत जास्त एक गुण, मर्यादा मुळात ५ ची. मध्ये आठवडाभर शांतता गेली तर गुण पुसतात, नाहीतर पाच दिवस भरले की सदस्य बंद. म्हणजे सुरतेच्या याहूवाल्या मावशी रोज एक मेल टाकणार आणि पुण्याचे जीमेलवाले गारद होणार. मावशींना पत्ताही नसतो. जीमेलचं स्वतःचं धोरण एवढं कडक नाही, म्हणून जीमेलवाल्यांनी लिहिलं की सगळं सुरळीत. त्यामुळेच हा आजार येतो-जातो आणि पटकन हाती लागत नाही. आपल्या वयाच्या मंडळींनी सायबर कॅफेत बसून याहूचेच पत्ते काढले होते, तेव्हा आपल्या लिस्टांवर ते असणारच.

आमची लिस्ट एका होस्टिंग कंपनीच्या स्वस्त प्लॅनवर होती. नाव घेत नाही. त्यांच्या सपोर्टला किती वेळा विनवलं, उत्तर एकच: 'आमच्या बाजूने मेल गेली आहे, सदस्यांना स्पॅम फोल्डर बघायला सांगा.' मेल परत येतेय, स्पॅममध्ये कुठून सापडणार? सर्व्हरचा लॉग मागितला तर म्हणे शेअर्ड होस्टिंगवर देता येत नाही. मग स्क्रीनशॉट मागितला. स्क्रीनशॉट दिला तर 'समस्या सोडवली' म्हणून तिकीट बंद! शेवटी उत्तर आमच्याच इनबॉक्समध्ये निघालं. सदस्य बंद पडला की लिस्टच्या मालकाला सूचना येते, तिला मूळ बाऊन्स (मेल का परत आली ते सांगणारा निरोप) जोडलेला असतो. तो उघडा. ५५० ने सुरू होणाऱ्या ओळीत याहू आणि डीमार्क दिसले की निदान झालं.

इलाज मेलमनमध्येच आहे. आवृत्ती २.१.१८ पासून प्रायव्हसीच्या पानावर, सेंडर फिल्टर्समध्ये, डीमार्कची सेटिंग आहे. तिथे 'मंज फ्रॉम' निवडा. मग मेल लिस्टच्या पत्त्यावरून जाते आणि लिहिणाऱ्याचं नाव पुढे दिसतं. बंद पडलेले सदस्य हाताने पुन्हा चालू करावे लागतात. आमच्या कंपनीकडे आवृत्ती त्याहून जुनी होती, आणि ती बदलायची तर महागडा प्लॅन घ्या म्हणाले. तिथेच मी रामराम ठोकला.

आता तुमच्या तक्त्याबद्दल. पीएचपीलिस्ट आणि लिस्टमंक खोडून टाका. दोन्ही एकतर्फी सूचनापत्रासाठी आहेत. तुमच्याकडे लोक एकमेकांना उत्तरं देतात. सिम्पा भारदस्त आहे, डीमार्कची सोयही आहे, पण ते विद्यापीठाच्या संगणक विभागाने चालवावं, एकट्या माणसाने नव्हे. मेलमन ३ चांगलं, पण त्यात कोअर, पोस्टोरियस, हायपरकिटी असा तीन भागांचा संसार आहे. मेलमन २ पायथन २ वर चालतं, आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. गुगल ग्रुप्स फुकट आहे आणि पाठवणाऱ्याचा पत्ता गरजेप्रमाणे स्वतःच बदलतं. ग्रुप्स डॉट आयओ मला सगळ्यात आवडतं, फक्त नव्या फुकट गटाला १०० सदस्यांची मर्यादा आहे. मंडळाच्या खात्यात पैसे असतील तर तेच घ्या. हे माझं मत, भांडायला येऊ नका.

एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच तक्त्यात नसते. आमच्या एका ताईंनी श्रावणात कानबाईची गाणी अहिराणीत टाइप करून पाठवली. सुटी मेल घेणाऱ्यांना नीट दिसली. डायजेस्टवाल्यांना (अनेक मेल एकत्र बांधून घेणाऱ्यांना) मात्र ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं! मेलमन २ मध्ये लिस्टची भाषा इंग्रजी असली की साध्या डायजेस्टमध्ये देवनागरीचं असं होतं. अशा सदस्यांना माइम डायजेस्ट (प्रत्येक मेल मूळ रूपात जोडून देणारा) लावा.

व्हॉट्सॲपवर जा म्हणणारे येतीलच. गटाला १,०२४ ची मर्यादा आहे, आणि सुप्रभातच्या फुलांखाली जुना मजकूर शोधून दाखवा.

काहीही बदलण्याआधी सदस्यांची यादी आणि जुन्या मेलची एमबॉक्स फाइल (सगळ्या मेल एकत्र साठवलेली) उतरवून घ्या. कंपनी सोडल्यावर ती कोणी देत नाही, आमची जुनी पत्रं अशीच गेली. आणि पॅनेलच्या तळाशी मेलमनची आवृत्ती लिहिलेली असते, ती इथे टाका, मग पुढचं बोलू.