अणूचं केंद्रक फिरतं म्हणजे नक्की काय फिरतं?

प्रश्न : मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. माझा भाचा एम.एस्सी. फिजिक्स करतोय, सुट्टीत आला होता तेव्हा म्हणाला मावशी, अणूचं केंद्रक गरगर फिरतं आणि ते फिरणं मोजतासुद्धा येतं. मी म्हटलं अरे गुळगुळीत गोल गोळी फिरतेय का थांबलीय हे कळणार कसं? त्यावर तो नुसता हसला आणि मोबाईल बघत बसला. माझं काही चुकलं का?

उत्तर : ताई, चुकलं काहीच नाही, हसायची वेळ तुमची होती. पूर्ण गोल केंद्रक सगळं मिळून फिरूच शकत नाही, क्वांटमच्या हिशोबात तसलं फिरणं धरतच नाहीत कारण आधी आणि नंतर काडीचा फरक नसतो. शिसं-२०८ असं गोल आहे (आकडा म्हणजे केंद्रकातले एकूण प्रोटॉन-न्यूट्रॉन). पण युरेनियम-२३८ लांबट आहे, आणि लांबट वस्तू उभी का आडवी हे कळतं, म्हणून तिचं फिरणंही कळतं.

डोळ्यांना दिसत नाही हं, गॅमा किरणांवरून कळतं. फिरणारं केंद्रक एनर्जीची एकेक पायरी उतरतं आणि सहसा दर पायरीला एक गॅमा सोडतं. युरेनियम-२३८ च्या खालून पहिल्या तीन पायऱ्या साधारण ४५, १४८ आणि ३०७ केईव्हीवर आहेत (केईव्ही म्हणजे एनर्जीचं माप, हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट). आकार अजिबात न बदलता फिरणाऱ्या लांबट वस्तूचा हिशोब १, ३.३३, ७ असा येतो. तुम्ही १४८ आणि ३०७ ला ४५ ने भागून बघा, ३.३ आणि ६.८ येईल. जवळपास जुळलं, पण किंचित कमी, कारण वेग वाढतो तसं केंद्रक फिरवायला थोडं जड होत जातं.

आता यात फिरतं कोण? नवरात्रात मैदानावरचा गरबा कधी शेजारच्या गच्चीतून बघितलाय का? प्रत्येक जण दोन पावलं पुढे, एक मागे, टाळी, गिरकी असं आपापलं करत असतो आणि तरी वरून बघितलं तर अख्खं रिंगण सरकत असतं. केंद्रकातही २३८ प्रोटॉन-न्यूट्रॉन आपापल्या कक्षेत पळतायत आणि त्या सगळ्यांचा मिळून झालेला लांबट आकार त्यांच्या मानाने हळूहळू वळतो.

मग हे घट्ट गोळ्यासारखं फिरतं का पाण्यासारखं? त्याला अंडं घ्या (घरात चालत नसेल तर लारीवाल्याकडून एक उकडलेलं आणि एक कच्चं आणा). ताटलीत फिरवा. उकडलेलं गरकन फिरतं. कच्चं डगमगतं, कारण कवच फिरतं आणि आतला बलक मागे राहतो, आणि गंमत म्हणजे बोटाने क्षणभर थांबवून लगेच सोडलं तर ते पुन्हा आपणहून फिरायला लागतं. केंद्रक दोन्हीच्या मधलं निघालं, घट्ट गोळा फिरवायला जेवढा जडपणा असता त्याच्या अर्ध्याच्या आसपास, आणि नुसत्या पातळ द्रवापेक्षा बराच जास्त. थोडक्यात हाफ बॉईल.

असं का, तर आतले कण जोड्यांनी राहतात, एक उजवीकडून फिरणारा तर दुसरा डावीकडून, दोघांचं मिळून शून्य, त्यामुळे त्यांना फरफटत नेता येत नाही. पण वेग फार वाढला, म्हणजे सेकंदाला फेऱ्यांच्या आकड्यात एकावर १९-२० शून्यं असा, की एखादी जोडी तुटते आणि दोघंही एकाच दिशेला तोंड करतात. १९७१ साली स्टॉकहोमला डिस्प्रोसियम-१६० मध्ये हे दिसलं. स्पिन (म्हणजे आकाराचं आणि आतल्या कणांचं मिळून एकूण फिरणं) वाढत होता आणि आकार फिरण्याचा वेग मात्र उलट कमी झाला! कारण स्पिनचा मोठा वाटा त्या तुटलेल्या जोडीनेच उचलला. आलेख मागे वळतो म्हणून त्याला बॅकबेंडिंग म्हणतात, मला तरी या विषयातली हीच सगळ्यात मजेदार गोष्ट वाटते.

केंद्रक लांबट असू शकतं हे १९५० च्या सुमारास जेम्स रेनवॉटरच्या डोक्यात आलं, तेव्हा ओए बोर (हो, नील्स बोरचा मुलगा) अमेरिकेत कोलंबियाला त्याच्याच खोलीत बसायचा. पुढे बोर आणि बेन मॉटलसननी गणित उभं केलं आणि १९७५ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

भाचा परत आला की त्याला विचारा, शिसं-२०८ मध्ये या पायऱ्या का नाहीत. बघू हसतो का.