पावसाळ्यात खण अडकतो

प्रश्न: रत्नागिरीला राहतो, लॉकडाऊनपासून घरीच सुतारकाम शिकतोय. उन्हाळ्यात सागवानी टेबल केलं, खण मस्त सरकायचा, आता जुलैत अर्धाच उघडतो. रंधा मारू का?

उत्तर: अहो, आत्ता रंधा अजिबात मारू नका! पावसाळी हवेतला ओलावा पिऊन लाकूड फुगतं, आणि ते फुगतं फळीच्या रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच, म्हणजे तुमच्या खणाच्या बाजूच्या फळ्या उंचीला वाढल्यात आणि वर घासतायत. आत्ता तासलंत तर डिसेंबरात खण खुळखुळेल, मग परत फळी चिकटवत बसाल. सध्या खण हळूहळू हलवत बाहेर काढा, कडेला जिथे चकचकीत पट्टा उमटलाय तिथेच घासतंय, तिथे साधी मेणबत्ती चांगली रगडा. तेल नको, लाकूड ते पिऊन घेतं आणि धूळ धरतं. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की १८० नंबरचा पॉलिश पेपर मारून खणाला आतून-बाहेरून पॉलिश करा, फळीची कापलेली टोकं तर दोनदा, कारण ओलावा सगळ्यात जास्त तिथूनच शिरतो. आणि पुढचा खण करताना वर २-३ मिलिमीटर फट सोडाच, कोकणात राहता तुम्ही!