दंडातला उंदीर

प्रश्न: 'मसल' या इंग्रजी शब्दाचे मूळ 'उंदीर' असे आहे, हे वाचून नवल वाटले. ते खरे आहे काय? प्राण्यांवरून आलेले, पण तसे न वाटणारे आणखी कोणते शब्द इंग्रजीत आहेत?

उत्तर: होय, ते खरे आहे. लॅटिनमधील 'मुस्कुलुस' म्हणजे लहानसा उंदीर. हात दुमडला की दंडाचा स्नायू कातडीखाली उंदरासारखा हलतो, त्यावरून हे नाव पडले. त्यातील 'मुस' आणि आपला 'मूषक' ही एकाच मुळाची अपत्ये आहेत. आपल्या पूर्वजांना मात्र तेथे बेडूक दिसला, म्हणून आपण दंडाची बेडकुळी म्हणतो.

चित्रकाराचा 'ईझल' म्हणजे डच भाषेतील गाढव. ओझे पेलणाऱ्या लाकडी साधनाला घोडी म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे सहज पटावे. 'पेडिग्री'मध्ये करकोच्याचा पाय आहे, कारण जुन्या वंशावळींत वंशाच्या शाखा दाखवणारी तीन रेघांची खूण तशी दिसे. 'व्हॅक्सिन'मध्ये गाय आहे. एडवर्ड जेन्नर यांनी 1796 मध्ये गायींना होणाऱ्या गोस्तन देवी या रोगाच्या फोडातील द्रव टोचून माणसाचे देवीपासून रक्षण होते हे दाखवले आणि त्या रोगाच्या लॅटिन नावातील गोवाचक विशेषणावरून हा शब्द आला. पुढे 1881 मध्ये लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या सन्मानार्थ तो सर्वच लसींना लावावा असे सुचवले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'आर्क्टिक'. ग्रीक 'आर्क्टोस' म्हणजे अस्वल. पण येथे बर्फावरचे पांढरे अस्वल अभिप्रेत नसून, उत्तर आकाशातील ज्या तारकासमूहाला ग्रीकांनी अस्वल मानले, तो आहे. याच तारकांना आपण सप्तर्षी म्हणतो. संस्कृतातील 'ऋक्ष' हा 'आर्क्टोस'चा सख्खा भाऊ. त्याचा अर्थ अस्वल असा होतो आणि तारा असाही, आणि सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत, अशी नोंद शतपथ ब्राह्मणात आहे. अंटार्क्टिका म्हणजे या अस्वलाच्या समोरची, विरुद्ध दिशेची भूमी.

'कॅनरी'च्या बाबतीत मात्र सावध राहावे. अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांना कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्याचे नाव मिळालेले नाही. पक्ष्यालाच बेटांचे नाव मिळाले आहे, आणि रोमन लेखक प्लिनी यांच्या सांगण्याप्रमाणे बेटांचे ते नाव तेथील मोठ्या कुत्र्यांवरून पडले.