मुलगी दुसरीत आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळेतून रोज नवा निरोप येतो. दोघेही नोकरी करणाऱ्या आई-वडिलांनी शाळेत किती लक्ष घालावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण याच विषयावरून आमच्या घरात दर संक्रांतीला वाद होतो. गॅदरिंगचा ड्रेस, सहलीचे पैसे, आनंद मेळाव्याचा स्टॉल, पालकसभा, असं दिवाळीची सुट्टी संपल्यापासून चाललंय आणि यातलं काही राहिलं तर मुलीचं नुकसान होईल का, असं तुम्ही विचारलंय. ड्रेस नाही आणला तर काहीही नुकसान होत नाही. पालकसभेला नाही गेलात तर होतं.

माझी मुलगी पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिकली, मार्केट यार्डाच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या बाजूला. मी भोसरीला कंपनीत, तेव्हा बहुतेक रात्रपाळीच असायची. तिच्या वर्गातली निम्मी मुलं यार्डात काम करणाऱ्यांची. कुणाचे वडील हमाल, कुणाचे तोलणार, कुणाची आई पालेभाजीच्या जुड्या बांधणारी, कुणाचा टेम्पो. आणि पालकसभा ठेवायची मंगळवारी नाहीतर बुधवारी, दुपारी बाराला. यार्डातला माणूस मध्यरात्री कामाला लागतो. दुपारी बाराला तो झोपलेला असतो. मग सभेला चार-पाच बायका यायच्या आणि शेरा तयार असायचा, 'इथल्या पालकांना मुलांची काळजीच नाही.' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं अजूनही फिरतं.

मुलगी दुसरीत असताना मी शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने ही समिती बंधनकारक केली. तिच्यात पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पुष्कळ ठिकाणी ती फक्त सह्यांपुरती असते. पहिल्याच बैठकीत मी म्हणालो, सभा शनिवारी सकाळी घ्या. यार्डातल्या भाजीबाजाराला शनिवारी सुट्टी, आणि आमची शाळाही शनिवारी सकाळची असायची. मुख्याध्यापिकाबाई लगेच हो म्हणाल्या. तोवर त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिली शनिवारची सभा डिसेंबरात झाली. पुण्यात त्या दिवसांत पारा दहाच्या खाली जातो आणि वर्गातल्या फरशीवर पाय ठेववत नाही, म्हणून दुसरीच्या बाईंनी सगळ्यांना मैदानात उन्हात बसवलं. नेहमीच्या सूचना दोन मिनिटांत संपवल्या. मग प्रत्येक मुलाला पुस्तक घेऊन आपल्या आई-वडिलांशेजारी बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, एक पान मोठ्यानं वाच.

माझ्या शेजारी एक हमाल मामा होते. त्यांना स्वतःला अक्षरओळख नाही. त्यांचा मुलगा अडखळत वाचत होता आणि ते पुस्तकाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होते. पान संपल्यावर बाईंना म्हणाले, "'प्राणी', 'प्रकाश' असलं काय आलं की थांबतोय बघा हा." बाईंनी पुन्हा वाचून घेतलं. खरंच, साधे शब्द तो सरळ वाचत होता, जोडाक्षर आलं की अडकत होता. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंच्या हे लक्षात यायला किती दिवस लागले असते, सांगा! ज्याला वाचता येत नाही त्या बापाने ते एका पानात पकडलं, कारण तो लक्ष देऊन ऐकत होता.

मग जानेवारी आला. मटाराची आवक वाढून भाव उतरले होते. एका टेम्पोवाल्या पालकाने मटाराची गोणी थेट शाळेत आणून टाकली आणि बाईंनी त्या शनिवारी गणिताचा तास गोणीभोवती घेतला. शेंग सोलायच्या आधी आत किती दाणे निघतील याचा अंदाज सांगायचा, मग मोजायचे. दहा दाण्यांचा एक ढीग, असे दहा ढीग झाले की शतक. आया शेंगा सोलत होत्या, मुलं मोजत होती. मोजताना चुकलं की आया बोलायच्या नाहीत, पुन्हा मोजायला लावायच्या. हमाल मामांना बाईंनी पुढे बोलावलं. मुलांनी पिशवीत हव्या तेवढ्या शेंगा भरायच्या, मामांनी हातात धरून वजन सांगायचं आणि मग काट्यावर ठेवायचं. मामा सांगायचे ते पन्नास-शंभर ग्रॅमच्या पलीकडे चुकत नव्हतं. मुलं अक्षरशः किंचाळत होती. त्या मुलाला वडील काय करतात विचारलं तर आधी तो 'मार्केटला जातात' एवढंच म्हणायचा. त्यानंतर 'हमाल आहेत' असं स्पष्ट सांगायला लागला.

हे मी संक्रांतीला घरी सांगितलं. माझा थोरला भाऊ कोथरूडला राहतो, त्याची मुलं मोठ्या फीच्या शाळेत. दादा म्हणाला, "मटार सोलायला काय शाळेत जायचं? फी भरली की शिकवायची जबाबदारी शाळेची. पालकांनी लुडबूड करू नये." आणि पुढे म्हणाला, पालकसभा हे बायकांचं काम, तू रात्रपाळी करून कशाला जातोस? तेव्हा आई मध्ये पडली म्हणून मी गप्प बसलो, पण इथे सांगतो. दादाने दोन्ही मुलांच्या गॅदरिंगला भाड्याचे भारी ड्रेस आणले, फोटो काढले, व्हिडिओ काढले. मुलगा चौथीत गेला तरी त्याला मराठीचा एक परिच्छेद धड वाचता येत नव्हता आणि ते घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण त्याला वाचताना कुणी कधी ऐकलंच नव्हतं. फी भरून मुलाचं वाचन ऐकलं जात नाही.

तेव्हा ताई, तुम्हाला माझा सल्ला असा. ड्रेसचा निरोप आला की बाईंना सरळ विचारा, घरातल्या कपड्यांत भागेल का. बहुतेक वेळा भागतं, फक्त आधी कुणी विचारत नाही. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला मुलींना नऊवारी नेसवून आणायला सांगतात. त्यापेक्षा मुलीला घेऊन बुधवार पेठेत जा. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता, 1848 साली मुलींची शाळा तिथे सुरू झाली, हे तिला त्या जागेवर उभं राहून सांगा. आनंद मेळाव्यात वडापावचा स्टॉल लावायला वेळ नसेल तर लावू नका. रात्री जेवणानंतर मात्र पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून तिचं एक पान ऐका. दोघांपैकी कुणीही. वडिलांनी ऐकलं तर जास्त चांगलं, कारण आपल्याकडे हे काम आईवर टाकून मोकळं व्हायची सवय आहे.

तुमची शाळा खासगी दिसते, तिथे व्यवस्थापन समितीचा नियम वेगळा. पण 2011च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ असावाच लागतो, आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाचे पालक त्याचे सदस्य असतात. म्हणजे तुम्ही आहातच. आणखी एक, तुमच्या मुलीची शाळा सातची असेल तर त्याबद्दलही विचारा. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने निर्णय काढलाय की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. जानेवारीत पुण्यात सूर्यच सातनंतर उगवतो, आणि सहा-सात वर्षांची पोरं कानटोपी घालून अंधारात व्हॅनची वाट बघत उभी असतात. इमारत दोन सत्रांत चालते, अशी अडचण शाळा सांगेल. ती काही वेळा खरी असते, पण मग शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेतलीय का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

सगळ्याच बाई आमच्या बाईंसारख्या नसतात, हेही खरं. शिक्षकांवर निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं लादलेली असतात, त्यामुळे कुणी 'वेळ नाही' म्हणालं तर लगेच भांडू नका. आणि ज्यांची बारा-बारा तासांची ड्युटी आहे त्यांनी जमत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नये, आजी-आजोबांनी वाचन ऐकलं तरी चालतं.

पुढच्या सभेला मात्र जा आणि सभेची वेळ बदलायची मागणी लेखी द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. मागणी इतिवृत्तात लिहून घेतली का, ते सही करायच्या आधी स्वतः वाचून बघा.